निळ्याला एक गाठ

३ ऑक्टोबर

ही डायरी सुपरवायझरने दिली. गेल्या वर्षीची आहे, त्यामुळे वार खोडावे लागतात. ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "लिही, लिही. तू बोलतोस कमी आणि थापा मारतोस जास्त. लिहून ठेवलंस तर कुठली थाप कुणाला मारली ते तरी लक्षात राहील." ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. तिच्यापुढे बोलायची सोय नाही.

तर आजचं. मिलमधले जुने माग काढून नवे बसवणार आहेत. महिनाभर काम बंद. मी मागांचा फिटर, माग नाही तर मी नाही. सातवीत शाळा सोडली, हे पाचवं गाव. आता सहावं बघावं म्हणतो. मुकादम म्हणाला, लांबच्या एका मिलमध्ये माणसं हवी आहेत, कळवतो.

खोलीतला जोडीदार लांब्या म्हणाला, "चपलांच्या दुकानावर चित्रकलेच्या एक बाई राहतात. रिटायर झाल्यात. त्यांचा हातमाग अडकलाय. बघून ये, नाहीतर दिवसभर माझी गादी झिजवत बसशील."

हातमाग म्हणजे खेळणंच. पण गादी खरंच झिजली आहे.

५ ऑक्टोबर

बाईंकडे जाऊन आलो. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत बाई. म्हणजे राहायला मागची छोटी खोली आणि मागाला मोठी. बाई बारीक, ताठ, केस कापलेले. दार उघडल्या उघडल्या माझ्याकडे न बघता माझ्या कानाच्या बाजूला बघून बोलायला लागल्या. शाळेत शिकवणाऱ्या माणसांना ही खोड असते, मागच्या बाकावर लक्ष ठेवायची.

मागात काही मोठं नव्हतं. फणीची चौकट लाकूड फुगून अडकत होती. तासली, मेण लावलं, झालं. बाईंनी धोटा एकदा इकडून तिकडे टाकला आणि नुसतं "हं" म्हणाल्या. मिलमध्ये एवढंही कोणी म्हणत नाही.

मग चहा. त्यांनी कपात बोटाचं टोक घालून चहा ओतला. मला जरा कसंतरी झालं, पण प्यायलो.

निघताना त्यांनी सूत गुंडाळलेली एक कांडी माझ्यासमोर धरली. "हा रंग कुठला?"

"निळा."

"आणि हा?"

"तपकिरी. बाई, मी बालवाडीत नाही."

"दिसतंच आहे," म्हणाल्या. "बालवाडीतली मुलं उलट बोलत नाहीत."

८ ऑक्टोबर

उद्या येऊ नको असं त्यांनी म्हटलं नव्हतं म्हणून रोज जातो आहे. आमचं असं ठरलं आहे: मी माग सांभाळायचा, कांड्या भरायच्या, त्यांनी मला ड्रॉइंग शिकवायचं. फिटरला यंत्राचा नकाशा वाचता आणि काढता आला तर वरची जागा मिळते, हे मी पाच गावांत बघितलं आहे. आज दाते असलेलं चाक काढलं. त्या सारख्या म्हणतात, "दाबून काढ, पेन्सिल काय फुलासारखी धरली आहेस?" मग कागदावरून बोट फिरवतात आणि बरोबर सांगतात, सातवा दाता जाड झालाय. मी मोजलं. सातवाच.

त्यांची गोष्ट कळली. त्या स्वतः सांगत नाहीत, विचारलं की तेवढ्यापुरतं उत्तर देतात, साक्षीदारासारखं.

एकोणिसाव्या वर्षी घर सोडून विणकाम शाळेत आल्या. तीन वर्षांचा अभ्यास. शेवटी प्रत्येकाने स्वतःच्या चित्रावरून भिंतीवर लावायचं एक कापड विणायचं, मगच प्रमाणपत्र. बाईंनी शाळेमागच्या एका भिंतीचं चित्र काढलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिच्यावरून सरकणारी सावली. पट्टे पट्टे आहेत. उन्हाला पिवळा, भिंतीला राखाडी आणि तपकिरी, सावलीला निळा. निम्मं विणून झालं आणि घरून तार आली, वडिलांनी अंथरूण धरलं. गेल्या त्या गेल्याच. पोटासाठी चित्रकलेची नोकरी धरली. पस्तीस वर्षं पोरांकडून फुलदाण्या काढून घेतल्या. कापड कापलं नाही, मागासकट पाच घरं बदलली.

"कापून घडी करून ठेवायचं ना," मी म्हटलं.

"कापलं की ते झालं असं होतं. झालं कुठं होतं?"

आता त्या विणकाम शाळेचा जुना अभ्यासक्रम बंद होणार आहे. ज्यांचं शेवटचं काम राहिलं त्यांना दोन संधी दिल्या आहेत. एक या महिन्याच्या एकतीसला, दुसरी एप्रिलमध्ये. मग कायमचं बंद.

मी म्हटलं, "मग एप्रिल बघा ना, आरामात."

"एप्रिलला उपयोग नाही."

म्हाताऱ्या माणसांना घाई फार. फळीवर औषधाच्या बारक्या बाटल्या ओळीने लावलेल्या आहेत, तरी चार जिने रोज चढतात उतरतात. धडधाकट बाई आहे.

११ ऑक्टोबर

बाईंबरोबर सूत आणायला बाजारात गेलो. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "बाई, ओळखलंत का?"

बाई म्हणाल्या, "अजून एकदा बोल."

"चौथीला होतो तुमच्याकडे."

"हां. माणसांचे पाय उलटे काढायचास तू."

सगळी बस हसली. कंडक्टर इतका खूष झाला की आमचा थांबा विसरला. परत चालत यावं लागलं. रस्ता ओलांडताना बाईंनी माझा दंड धरला. मी म्हटलं, पोरासारखं धरताय. त्या म्हणाल्या, गर्दी आहे. गर्दी नव्हती.

१४ ऑक्टोबर

आज काम केलं. खराब झालेल्या पंख्याची मोटर काढून कांड्या भरायचं यंत्र बनवलं. हाताने तासाला आठ भरायच्या, आता चाळीस. बाईंनी यंत्राला हात लावून बघितलं आणि म्हणाल्या, "आवाज गिरणीसारखा आहे." मी म्हटलं, "गिरणीच आहे, छोटी."

उद्यापासून चार दिवस मिलने बोलावलं आहे, जुने माग सुटे करायला. म्हणून पुढचं सगळं सूत आजच भरून दिलं. बाईंची एक सवय आहे, प्रत्येक कांडीच्या शेवटाला गाठी मारायच्या. निळ्याला एक, तपकिरीला दोन, राखाडीला तीन, पिवळ्याला नाही. मिलमध्ये सुताला फालतू गाठ दिसली तर मुकादम आईबाप काढतो. पण त्यांचं घर, त्यांच्या गाठी.

सगळं भरून, गाठी मारून पेटीत लावलं आणि निम्म्या वाटेत लक्षात आलं की मी उलटं केलं. आमच्या मिलमध्ये तपकिरी मालाच्या खोक्यावर खडूची एक रेघ आणि निळ्याच्या खोक्यावर दोन मारतात. दोन वर्षं तेच केलं आहे, हात आपोआप चालला. परत चार जिने चढायचा कंटाळा आला. म्हटलं जाऊ दे. रंग काय डोळ्यासमोर दिसतोच, गाठी कोण बघतो.

१७ ऑक्टोबर

नुसतं लोखंड उचलतो आहे. पाठ गेली.

मुकादम म्हणाला, त्या लांबच्या मिलमधून बोलावणं आलं, पंचवीसला हजर हो. मी एक तारीख मागितली. वडील आजारी आहेत असं सांगितलं. वडिलांना जाऊन बारा वर्षं झाली, त्यांना काय फरक पडतो. एकतीसचं बाईंचं झालेलं बघून जाऊ, एवढंच. अर्धवट काम बघून निघालो की मला प्रवासात झोप येत नाही.

१९ ऑक्टोबर

संध्याकाळी बाईंकडे गेलो. सव्वा वीत नवीन विणून झालं होतं. चार दिवसांत एवढं म्हणजे त्या जेवल्याच नसतील.

सव्वा वीत सगळं उलटं. जिथे निळी सावली सरकायला हवी तिथे तपकिरी. जिथे तपकिरी भिंत तिथे निळी. विणकाम घट्ट, कड सरळ, एक धागा सैल नाही.

पहिल्यांदा वाटलं मुद्दाम केलं. कलाकार माणसं काहीही करतात. मी काही बोलायच्या आत बाईंनी माझा हात धरून कापडावर ठेवला, तपकिरीवर.

"सावली कशी आलीय? फार गडद नाही ना झाली?"

मी पेटीकडे बघितलं. एक गाठ, दोन गाठी.

"चांगली आलीय," मी म्हटलं.

"नुसती चांगली?"

"एक नंबर आलीय."

त्या हसल्या. पहिल्यांदाच बघितलं हसताना. मी चहा न घेता निघालो.

कपातलं बोट. कानाच्या बाजूला बघणं. दाबून काढ. अजून एकदा बोल. एप्रिलला उपयोग नाही. मी फिटर आहे, नुसत्या आवाजावरून यंत्राचा कुठला भाग गेला ते सांगतो म्हणून मिरवतो.

२० ऑक्टोबर

गेलो नाही. सांगितलं तर त्यांना दोन गोष्टी कळणार, काम वाया गेलं ते आणि मला त्यांच्या डोळ्यांचं कळलं ते. दुसरी त्यांना जास्त लागेल असं वाटतं. नाही सांगितलं तर एकतीसला परीक्षक सांगतील, चारचौघांत.

लांब्याला विचारलं. तो म्हणाला, "तुझी एक तारखेची गाडी आहे ना? मग तुला काय करायचंय?" बरोबर आहे त्याचं. सिनेमाला गेलो.

२१ ऑक्टोबर

सकाळीच सांगितलं. दारातच सांगून टाकलं, आत गेलो असतो तर राहिलं असतं.

बाई दाराला धरून उभ्या राहिल्या. मग विचारलं, "किती?"

"सव्वा वीत."

"कधी कळलं?"

"परवा."

"दोन दिवस काय करत होतास?"

"सिनेमाला गेलो होतो."

"कुठला?"

"आठवत नाही."

त्या आत जाऊन मागावर बसल्या. बराच वेळ कापडावर हात फिरवत होत्या. त्यांनी सांगितलं, डोळ्यांच्या मधोमध ढग आहे, कडेने दिसतं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी सुरू झालं. मुलांची चित्रं खिडकीला धरून तपासायच्या. गडद रंग आता सगळे एकच. डॉक्टर म्हणाले आहेत, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कडेचंही जाईल.

"गाठी कशासाठी ते मी सांगितलं नाही, ही माझी चूक," म्हणाल्या. "तू उलट्या मारल्यास ही तुझी. फिट्टंफाट."

"लांब्या म्हणतो तसंच देऊन टाका. परीक्षकांना काय माहीत सावली कुठल्या रंगाची?"

"भिंत माझी आहे. मला माहीत आहे." मग बाह्या वर केल्या. "उसव."

२४ ऑक्टोबर

उसवायला तीन दिवस. विणण्यापेक्षा उसवणं अवघड, उभे धागे ताणलेले असतात, एक तुटला की संपलं. बाई एका बाजूने, मी एका बाजूने. दोन तुटले, मी जोडले. बाईंनी बोट फिरवून जोड शोधायचा प्रयत्न केला आणि सापडला नाही. तेवढीच मिलची इभ्रत राहिली.

खाली छत्तीस वर्षांपूर्वीचं कापड गुंडाळलेलं आहे, ते थोडं उलगडून बघितलं. फार घट्ट विणलंय, दगडासारखं. मी म्हटलं, "एवढं कशाला ठोकलंय?" त्या म्हणाल्या, "बावीस वर्षांची होते. वाटायचं सैल सोडलं तर सगळं पळून जाईल."

२८ ऑक्टोबर

आता असं चालतं. मी चित्रात बघून रंग सांगतो, कांडी हातात देतो, बाई विणतात. निळा बारा ओळी. राखाडी तीन. परत निळा, पण आता हलका. "हलका म्हणजे कसा?" त्या विचारतात. मला सांगता येत नाही. मग त्या विचारतात, "धुतलेल्या शर्टासारखा की शाईसारखा?" अशी उत्तरं द्यायची सवय लागली आहे. काल लांब्याला म्हटलं, तुझ्या चेहऱ्याचा रंग भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा झालाय. त्याने चप्पल फेकली.

नियम असा आहे की काम स्वतःच्या हाताने केलेलं असलं पाहिजे. मी आठवण करून दिली.

"हात माझेच आहेत," बाई म्हणाल्या. "डोळे कुणाचे ते विचारत नाहीत."

मी दोनदा धोटा हातात घेतला, तुम्ही दमला आहात म्हणून. दोन्ही वेळा त्यांनी काढून घेतला.

३० ऑक्टोबर

झालं. दुपारी साडेतीनला. कापायच्या वेळी कात्री बाईंनी माझ्या हातात दिली, मग विचार बदलून परत घेतली आणि स्वतः कापलं. वाकडं कापलं गेलं, मी कड दुमडून टाका घातला.

जमिनीवर पसरून बघितलं. मी मिलमध्ये हजारो वार कापड बघितलंय, कापडाकडे बघून कधी काही वाटलं नाही. हे बघून वाटलं की संध्याकाळ झाली आणि आता दिवा लावावा. बाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग बरोबर आहे."

३१ ऑक्टोबर

विणकाम शाळा म्हणजे लांबलचक इमारत, निम्म्या खोल्यांना कुलपं. कापड मी खांद्यावरून नेलं. आत तीन परीक्षक. त्यातले मोठ्या मिशांचे मुख्य.

कापड टेबलावर पसरलं. मिशांनी चष्मा काढला, घातला, परत काढला. "खालची बाजू आणि वरची बाजू वेगवेगळ्या हाताची वाटते."

"खालची बावीस वर्षांच्या मुलीची आहे," बाई म्हणाल्या. "ती घाईत होती."

दुसरे दोघे हसले. त्यांनी रंगांबद्दल विचारलं. बाईंनी कापडाला हात न लावता, खालून वर, एकेक पट्टा सांगितला. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वगैरे माझे शब्द होते ते पण वापरले. परीक्षकांनी लिहून घेतले.

मग एक कागद पुढे केला, सही करायला. बाईंनी मला हळूच म्हटलं, वाच. मी वाचलं. "हे काम मी एकटीने, कोणाच्याही मदतीशिवाय पूर्ण केले आहे."

बाईंनी तीच ओळ परत एकदा वाचायला लावली. मग म्हणाल्या, "कुठे?" मी पेनाचं टोक ओळीवर टेकवून दिलं. त्यांनी सही केली. झोकदार सही आहे.

बरोबरच आहे. त्याच्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. मी काय केलं, कांड्या दिल्या. मला काही वाटलं नाही. परत येताना बसमध्ये खिडकीवरून एका माणसाशी भांडलो, खिडकी उघडी की बंद यावरून. बाई मध्ये पडल्या नाहीत.

दारात त्या म्हणाल्या, "चाकाचा नकाशा अजून पक्का नाही झाला तुझा. सराव कर." मी म्हटलं, हो. उद्या गाडी आहे.

४ नोव्हेंबर

सहावं गाव. नवी मिल, नवे माग, आपोआप थांबतात, आपोआप चालू होतात. फिटर नुसता उभा. खोलीत चौघं आहेत, चौघंही घोरतात, प्रत्येकाचा सूर वेगळा.

१६ नोव्हेंबर

बाईंचा फोन. खालच्या चपलांच्या दुकानदाराने लावून दिला, मागे गिऱ्हाइकाचा आवाज येत होता.

"पास झाले. दुसरा वर्ग."

"अभिनंदन, बाई."

"हं."

दुकानदार म्हणाला, "ठेवू का?" बाई म्हणाल्या, ठेव.

पास झाल्या हे चांगलं झालं. ताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मग तुझा आवाज असा का येतोय?" म्हटलं, लाइन खराब आहे.

२ डिसेंबर

सुपरवायझरने यंत्राचा नकाशा वाचायला सांगितला, वाचला. त्याने विचारलं, कुठे शिकलास? चपलांच्या दुकानावर म्हटलं. त्याला वाटलं चेष्टा करतोय.

११ डिसेंबर

बाईंचं पत्र आलं, मिलच्या पत्त्यावर. स्वतःच्या हाताने जाड पेनने लिहिलंय. ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. वाचायला अर्धा तास लागला. इथे साफ करून उतरवतो.

"फिटर, मी सोमवारी विणकाम शाळेत जाऊन प्रमाणपत्र परत केलं. रंग कोणी सांगितले तेही सांगितलं. मिशीवाले म्हणाले, बाई, कशाला सांगितलंत, कोणी विचारलं होतं? मी म्हटलं, पस्तीस वर्षं मुलांच्या चित्रात वडिलांनी मारलेली रेघ मी ओळखून काढली आणि शून्य दिलं, आता स्वतःला दुसरा वर्ग कसा घेऊ. त्यांनी कागद परत घेतला. जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

"त्यांनी जुनी नियमावली काढली. डोळ्यांच्या डॉक्टरांचं पत्र असेल तर एक सहाय्यक चालतो असं त्यात आहे. हे मला आधी कळलं असतं तर. मी विचारलं नव्हतं, विचारलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. तेच कापड एप्रिलमध्ये परत ठेवता येतं. पण सहाय्यकाने समोर हजर राहायला हवं, त्यालाही प्रश्न विचारतात. आणि अर्जात त्याचं पूर्ण नाव हवं. मी पेन उघडून बसले आणि लक्षात आलं, मला ते माहीत नाही. फिटर लिहून चालत नाही, मी विचारलं.

"तर पूर्ण नाव कळव, वडिलांच्या नावासकट. यायला जमत नसेल तर तसं लिही, मी रागावणार नाही. एप्रिलपर्यंत माझं कडेचंही गेलेलं असेल असं धरून चाल."

१२ डिसेंबर

पूर्ण नाव लिहून पाठवलं. तीन कागद फुकट गेले, हजेरीच्या अंगठ्याची सवय लागली की अक्षर बिघडतं. वडिलांचं नाव लिहिलं तेव्हा त्यांना आजारी पाडल्याबद्दल जरा लाज वाटली.

जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझरकडे जाऊन एप्रिलमधली चार दिवसांची रजा मागितली. तो म्हणाला, "आत्तापासून? लग्न आहे का घरात?"

म्हटलं, "परीक्षा आहे."

"कुणाची, तुझी?"

मी हो म्हटलं.